जुन्या गाडीत सापडणारा झटपट माल: कोणता टिकतो, कोणता गाडी खातो

तीन-चार मालकांच्या हातून गेलेली गाडी लिफ्टवर घेतली की प्रत्येकाने दुकानातून काय काय आणलं होतं ते एकेक करून दिसायला लागतं. ऑइल चेंबरवर, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीवर, करडी एपॉक्सी थापलेली, पॅकिंगच्या कडेने लाल सिलिकॉन बाहेर आलेलं, स्टिअरिंगखाली निळ्या क्लिपांचा घोस, रेडिएटरच्या झाकणाखाली तपकिरी गाळ. अशा मालाची परीक्षणं बहुधा लावल्याच्या दुसऱ्या दिवशी लिहिलेली असतात, तेव्हा सगळ्यालाच पाच तारे मिळतात. इथे उलट्या बाजूने पाहिलं आहे. काही वर्षांनी तीच दुरुस्ती उघडताना काय निघतं, मूळ भाग शाबूत राहतो का, आणि पुढच्या फिटरला ते निस्तरता येतं का? या कसोटीवर काही बदनाम माल बरा ठरतो आणि काही साळसूद दिसणारा माल थेट इंजिन खोलायला लावतो.

पहिला मान सिलिकॉन सीलंटचा, कारण त्याच्याइतका चांगला आणि त्याच्याइतका नासवलेला माल दुसरा नाही. कित्येक इंजिनांच्या चेंबरला कारखान्यातूनच पॅकिंग नसतं, फक्त सीलंट असतो, त्यामुळे ‘सिलिकॉन म्हणजे जुगाड’ हे सरसकट खरं नाही. गडबड होते ती मापात. बाहेरच्या कडेला जेवढं सिलिकॉन पिळून आलेलं दिसतं, साधारण तेवढंच आतल्या बाजूलाही आलेलं असतं. आतली ती शेपटी गरम ऑइलमध्ये राहून कधीतरी तुटते, चेंबरच्या तळाशी जाते आणि ऑइल पंपाच्या जाळीला चिकटते. मग लक्षण असं दिसतं: इंजिन गरम झाल्यावर आयडलला ऑइलचा दिवा लुकलुकतो, रेस दिली की विझतो. लोक प्रेशर स्विच बदलतात, जाड ऑइल टाकतात, पंपावर खर्च करतात. चेंबर उतरवला की जाळीवर लाल, काळे आणि निळे तुकडे एकत्र सापडतात. तीन रंग म्हणजे किमान तीन वेळा कोणीतरी तो चेंबर लावला आहे आणि तिघांनीही जाळी पुसलेली नाही.

वापरायचं तर असं. ॲल्युमिनियमच्या कडेवर लोखंडी पातं किंवा ग्राइंडरची चकती फिरवू नका, खड्डा पडला की कोणताही सीलंट तिथे हरतो. प्लॅस्टिकच्या खरवडणीने जुना थर काढा, ब्रेक क्लीनरने तेलाचा अंश घालवा. २ ते ३ मिलिमीटर जाडीची एकच न तुटणारी ओळ, बोल्टच्या भोकांच्या आतल्या अंगाने. ट्यूबवर लिहिलेल्या वेळेत, म्हणजे वर साय धरायच्या आत, चेंबर बसवा. एम६ (६ मिलिमीटरचे) बोल्ट बहुतेक ठिकाणी ८ ते १० न्यूटन-मीटरवर थांबतात. तरी त्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा. ऑइल दुसऱ्या दिवशी भरा.

कॉर्क, रबर किंवा कागदाच्या पॅकिंगवर ‘सोबत थोडं सिलिकॉन’ लावायची सवय मात्र मोडा. ओलं सिलिकॉन वंगणाचं काम करतं आणि बोल्ट आवळताना पॅकिंग सरकून बाहेर येतं. कार्ब्युरेटर किंवा पेट्रोल पंपाच्या पॅकिंगवर तर नकोच. पेट्रोलमध्ये ते फुगतं, सुटतं आणि जेटपर्यंत पोचतं. व्हिनेगरसारखा वास मारणारं न्हाणीघराचं सिलिकॉन धातू गंजवतं आणि ऑक्सिजन सेन्सरलाही बाधतं. सेन्सरला चालणारं, गाडीसाठीचंच घ्या. निकाल: माल उत्तम, पण ट्यूबमधलं बरंचसं ट्यूबमध्येच राहायला हवं.

रेडिएटरमध्ये ओतायच्या, गळती थांबवणाऱ्या बाटल्यांचा हिशेब जास्त गुंतागुंतीचा आहे. एका प्रकारात बारीक तंतू किंवा चुरा असतो, तो भोकाशी जाऊन अडकतो. दुसऱ्यात सोडियम सिलिकेट, म्हणजे काचेचं पाणी. ते हेड पॅकिंगच्या फटीतून तापलेल्या भागात गेलं की त्यातलं पाणी उडतं आणि मागे काचेसारखा कडक थर राहतो. हे खरोखर घडतं, म्हणून या बाटल्यांना नुसती फसवणूक म्हणता येत नाही. पण हाच पदार्थ इंजिन मारायलाही चालतो. अमेरिकेत २००९ साली जुन्या गाड्या मोडीत काढायची सरकारी योजना होती. तिच्यात इंजिनातलं ऑइल काढून सुमारे दोन लिटर सोडियम सिलिकेटचं द्रावण भरायचं आणि इंजिन जाम होईपर्यंत चालवायचं, अशी अधिकृत पद्धत होती. त्यामुळे कूलंट ऑइलमध्ये मिसळत असेल, डिपस्टिकवर दुधी फेस दिसत असेल, तर या बाटलीकडे हात नेऊ नका.

उघडताना सापडणाऱ्या चुका नेहमी त्याच. एकाच्या जागी दोन बाटल्या ओतलेल्या. जुन्या पद्धतीच्या सिलिकेटच्या बाटलीवर ‘आधी अँटिफ्रीझ पूर्ण काढा, साधं पाणी भरा’ असं लिहिलेलं असतं, ते वाचलेलं नसतं. अँटिफ्रीझमधल्या ग्लायकॉलमध्ये सिलिकेटचा गोळा होतो आणि तो सगळ्यात अरुंद वाटेत, म्हणजे हीटरच्या जाळीत बसतो. तपासणी सोपी आहे: इंजिन पूर्ण गरम, हीटर चालू, हीटरला जाणारे दोन्ही होज हाताने चाचपा. एक चटका देतो आणि दुसरा कोमट असेल तर जाळी तुंबली आहे. रेडिएटरवर इन्फ्रारेड थर्मामीटर फिरवला की मधेच थंड पट्टा सापडतो, तिथल्या नळ्या बंद आहेत. दोन्ही होज सोडून उलट्या दिशेने हलक्या दाबाने पाणी सोडा. नळाचा पूर्ण जोर दिला तर जुन्या जाळीचे जोड उघडतात. रेडिएटरच्या सुईएवढ्या भोकाला, घरी पोचण्यापुरती, एक बाटली क्षम्य आहे. नंतर रेडिएटर बदलून सगळी लाइन धुतली, तरच.

या गळक्या गाड्यांमध्ये बहुतेकदा थर्मोस्टॅट, म्हणजे तापल्यावरच पाणी रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह, काढून टाकलेला असतो, ‘गाडी गरम होते’ म्हणून. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅटच्या खालच्या बाजूला दुसरी चकती असते. इंजिन तापल्यावर ती बायपासची वाट बंद करते. थर्मोस्टॅट गेला की ती वाट कायम उघडी राहते, गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात येतं, आणि चढावर गाडी आणखीच तापते. उलट हलक्या चालवण्यात इंजिन पुरेसं गरम होत नाही, मिश्रण घट्ट (पेट्रोल जास्त, हवा कमी) राहतं, पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं. नवा घालताना स्प्रिंग इंजिनाकडे, हवा सोडणारी छोटी पिन वर. जुना ठीक आहे का हे पाहायला पातेल्यात पाणी, त्यात थर्मामीटर. ८२ छापलेला असेल तर साधारण त्याच अंशाला उघडायला सुरुवात झाली पाहिजे. हा भाग इतका स्वस्त आहे की तो काढून गाडी चालवण्यात काहीच शहाणपण नाही.

आता डॅशबोर्डखालची ती निळी क्लिप. वायर न कापता दुसरी वायर जोडायची, पक्कडीने दाबली की झालं. आत यू आकाराचं पितळी पातं असतं, ते इन्सुलेशन चिरून तांब्याला भिडतं. लाल साधारण ०.५ ते १ चौरस मिलिमीटरसाठी, निळी त्यावर २.५ पर्यंत, पिवळी त्याहून जाड वायरीला. अलार्म, सेंट्रल लॉक, फॉग लाइट बसवणारे सगळीकडे निळीच वापरतात. बारीक वायरीवर तिचं पातं नीट भिडत नाही, आणि जाड वायरीवर लाल दाबली तर अर्ध्या तारा तुटतात. गाडीच्या आत, कोरड्या जागी, ही क्लिप वर्षानुवर्षं चालते, हे मान्य करायला हवं. डिकीच्या झाकणात, बंपरच्या मागे किंवा चाकाच्या कमानीत मात्र चिरलेल्या इन्सुलेशनमधून पाणी शिरतं आणि तांबं हिरवं-काळं होत आत आत सरकतं.

असा जोड ओहममीटरवर पकडता येत नाही. एकच तार शिल्लक असली तरी मीटर ‘ठीक’ म्हणतो, कारण त्याचा करंट नगण्य असतो. लोड चालू ठेवून व्होल्टेजची घट मोजा: मीटर डीसी व्होल्टवर, एक टोक जोडाच्या अलीकडे, दुसरं पलीकडे, दिवा किंवा मोटर चालू. एका जोडावर ०.२ व्होल्टपेक्षा जास्त आलं की तो कापायचा. अर्थिंगला ०.१ पुरे. आकडा क्षुल्लक वाटेल, पण ६० वॉटच्या हेडलाइटला साधारण ५ अँपिअर लागतात. त्या वाटेत ०.२ ओहमचा जोड आला तर १ व्होल्ट तिथेच संपतो आणि ५ वॉट उष्णता त्या एवढ्याशा क्लिपमध्ये साठते. म्हणून क्लिप तपकिरी झालेली सापडते. दुरुस्त करताना क्लिपपाशीच कापून भागत नाही. तांबं चकचकीत दिसेपर्यंत मागे जा, मधे त्याच जाडीचा नवा तुकडा घाला, दोन्हीकडे क्रिम्प करा आणि आतून गोंद असलेली श्रिंक नळी चढवा. नुसत्या काळ्या टेपचा गोंद उन्हाळ्यात वितळतो आणि पुढच्याच्या हाताला लागतो, बाकी काही धरत नाही.

याच वायरिंगवर पुढे १००/९० वॉटचे हेडलाइट बल्ब चढवलेले असतात. ६०/५५ च्या जागी १०० वॉट म्हणजे एका बल्बला ५ ऐवजी ८ अँपिअरच्या वर. होल्डर पिवळा पडतो, स्विचचे कॉन्टॅक्ट जळतात, मग फ्यूज उडतो, आणि शेवटी फ्यूजच मोठा घातला जातो. पात्याच्या फ्यूजचे रंग पाठ असले की ही चोरी झाकण उघडताच दिसते: १० लाल, १५ निळा, २० पिवळा, ३० हिरवा. झाकणावर १० लिहिलंय आणि खाली हिरवा बसलाय, तर त्या सर्किटची वायर आता स्वतःच फ्यूज झाली आहे. मूळ फ्यूज परत घाला, उडाला तर का उडतोय ते शोधा. जुन्या युरोपीय धर्तीच्या गाड्यांतल्या टोकदार फ्यूजांचा हिशेब वेगळा आहे: पांढरा ८, लाल १६, निळा २५. तिथे लाल पाहून १० समजू नये.

रिलेचीही एक गंमत आहे. चार पायांचे काळे ठोकळे एकमेकांच्या जागी सहज बसतात, पण पायांच्या मांडणीचे दोन प्रकार आहेत आणि त्यांत ३० व ८६ क्रमांकांच्या पायांची अदलाबदल असते. चुकीचा बसला की कॉइल सतत चालू राहू शकते किंवा रिले काहीच करत नाही. काहींच्या आत डायोडही असतो, त्याला उलटा करंट चालत नाही. ‘युनिव्हर्सल’ म्हणून विकला जाणारा रिले घेताना त्याच्या अंगावरचा नकाशा जुन्याशी ताडून बघा. नकाशा छापलेलाच नसेल तर सोडून द्या.

न जुळणाऱ्या भागांत सगळ्यात फसवा स्पार्क प्लग. चौदा मिलिमीटरच्या आट्याचा प्लग चौदाच्या भोकात जातो, म्हणून चारही सिलिंडरमध्ये वेगवेगळ्या कंपन्यांचे प्लग निघतात. आधी लांबी बघा: आट्याचा भाग १२.७ मिलिमीटर की १९. लांब भोकात आखूड प्लग घातला तर खालचे सहा मिलिमीटर आटे उघडे राहून त्यांत कार्बन भरतो, आणि पुढे बरोबर प्लग घालताना तो तिथे अडकतो. त्यावर जबरदस्ती केली की ॲल्युमिनियमचे आटे गेलेच. आखूड भोकात लांब प्लग घातला तर टोक पिस्टनला लागू शकतं. नाही लागलं, तरी आत डोकावणाऱ्या आट्यांवर कार्बन बसतो आणि काढताना प्लग हेडचे आटे सोबत ओढून आणतो.

मग हीट रेंज, म्हणजे प्लग आपली उष्णता किती लवकर सोडतो ते: लवकर सोडणारा थंड, उशिरा सोडणारा गरम. एनजीके आणि डेन्सोमध्ये आकडा वाढला की प्लग थंड. बॉश आणि चॅम्पियनमध्ये आकडा वाढला की प्लग गरम. एनजीकेचा बीपी६ईएस, बॉशचा डब्ल्यू७डीसी आणि चॅम्पियनचा एन९वायसी हे साधारण एकाच जातीचे आहेत, आकडे ६, ७ आणि ९ असूनही. ‘पाच नंबरचा होता, पाच नंबरचाच आणला’ म्हणत एनजीकेच्या जागी बॉश घातला तर हाती येतो तो कितीतरी थंड प्लग. शहरात तो काळा पडतो आणि मिसिंग, म्हणजे मधेच ठिणगी चुकणं, सुरू होतं. मिसिंगवर मग कॉइल, वायरी, इंजेक्टर असं एकेक बदललं जातं. चूक उलट दिशेची असेल तर प्लग तापून मिश्रण वेळेआधी पेटतं आणि पिस्टनला भोक पडतं. ते जास्त महाग. प्लग दुकानदाराच्या आकड्यावर घेऊ नका, गाडीच्या मॅन्युअलमधला पूर्ण क्रमांक लिहून न्या.

आटे गेलेच असतील तर तारेच्या गुंडाळीचे इन्सर्ट, म्हणजे हेलिकॉइल. एम६ आणि एम८ च्या बोल्टांसाठी याला पूर्ण गुण. नीट बसवलेला असेल तर मूळ ॲल्युमिनियमपेक्षा मजबूत धरतो आणि वर्षानंतरही तक्रार नसते. प्लगच्या भोकात मात्र गुंडाळी कधीकधी प्लगसोबतच बाहेर येते. तिथे वरून कडा असलेलं भरीव पोलादी इन्सर्ट घ्या. टॅप फिरवताना त्याच्या खाचांत ग्रीस भरा आणि पिस्टन खाली ठेवा, म्हणजे बराचसा कीस वर येतो.

चाकांचे नट विकणाऱ्याला विचारलं तर सगळे ‘बाराचे’ असतात. सुझुकी, निसान, सुबारू यांना एम१२×१.२५ (जाडी १२ मिलिमीटर, पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर १.२५) लागतो, टोयोटा, होंडा, ह्युंदाई यांना एम१२×१.५. चुकीचा नट एक-दोन फेरे हाताने जातो, पुढे गन लावली की तोही ‘घट्ट’ होतो आणि स्टडचे आटे खातो. नट हाताने शेवटपर्यंत गेला पाहिजे आणि बाराच्या स्टडवर किमान बारा मिलिमीटर पकड हवी, म्हणजे १.५ च्या पिचला आठ फेरे, १.२५ ला दहाच्या आसपास. शिवाय बैठक: बहुतेक ठिकाणी साठ अंशांचा शंकू, होंडाच्या मूळ रिमला गोलाकार, टोयोटाच्या काही मूळ अलॉयना सपाट वायसर. गोल बैठकीत शंकूचा नट एका बारीक रेषेवर टेकतो. टॉर्क बरोबर दाखवतो आणि काही किलोमीटरांत सैल होतो. रिमच्या भोकात चकचकीत बारीक कडं दिसलं तर रिमही गेली समजा.

एपॉक्सी पुट्टीला लोक हसतात, पण चेंबरच्या बाहेरच्या ओघळाला ती चालते. ऑइल पूर्ण काढा, पत्रा ८० च्या पॉलिशपेपरने घासा, क्लीनरने दोनदा पुसा, दोन्ही रंग एकजीव होईपर्यंत मळा आणि पूर्ण वाळू द्या. नायलॉनच्या रेडिएटर टाकीवर मात्र ती नीट चिकटतच नाही. त्यात आत शंभर अंशांचं पाणी आणि एक बारच्या आसपास दाब. तिथे लावलेली पुट्टी टाकीचाच ठसा घेऊन एका तुकड्यात निघते. ड्रेन प्लगच्या आट्यांवर लावणाऱ्याने पुढचा ऑइल चेंज कसा करायचा याचा विचार केलेला नसतो.

पेट्रोलच्या लाइनवर हीटरचा होज हा आणखी एक नेहमीचा शोध. बाहेरून काळा, जाडीही तीच. आतून पेट्रोलने फुगून मऊ. होजवर एसएई जे३० हा इंधनाच्या होजचा दर्जा छापलेला असला पाहिजे. कार्ब्युरेटरला आर७ पुरतो, इंजेक्शनच्या तीन बार दाबाला आर९ हवा. खाचा आरपार कापलेली स्क्रू क्लिप मऊ होज चिरते, म्हणून इंजेक्शनला गुळगुळीत पट्टीची क्लिप. जुबिली, म्हणजे स्क्रूच्या, क्लिपला पाण्याच्या होजवर पूर्ण गुण, पेट्रोलवर नाही.

ब्रेकमध्ये तडजोडीला जागा नाही, म्हणून परीक्षणही थोडक्यात. तांब्याच्या नळीला मधे प्लंबिंगचा कॉम्प्रेशन जोड दिसला, तर पूर्ण नळी बदला. एम१० आणि ३/८ इंचाचे नट एकमेकांत सुरुवातीला जातात, पुढे धरत नाहीत; फ्लेअर म्हणजे नळीचं फुलवलेलं टोक, ते एकावर दुहेरी आणि दुसऱ्यावर बबल प्रकारचं असेल तर कितीही आवळलं तरी पाझरतं. ब्रेक फ्लुइडच्या टाकीच्या झाकणाचं रबर फुगून बसत नसेल, तर कोणीतरी इंजिन किंवा स्टिअरिंगचं ऑइल ओतलं आहे. पाण्यात चार थेंब टाका. ब्रेक फ्लुइड मिसळून जातं, ऑइल वर तरंगतं. तरंगलं तर मास्टर सिलिंडरपासून चाकापर्यंत सगळी रबरं बदलायची, नुसतं धुऊन चालत नाही.

राहिला पत्रा. लांबी, म्हणजे पत्र्यातले खड्डे भरायची पुट्टी, स्वतः वाईट नाही, ३ मिलिमीटरपर्यंत ती आपलं काम करते. रंगाची जाडी मोजणारं यंत्र कारखान्याच्या रंगावर साधारण ८० ते १६० मायक्रॉन दाखवतं. हजारच्या पुढे गेलं की खाली लांबी आहे. ॲल्युमिनियमच्या बॉनेटवर लांबी शोधायला चुंबक उपयोगी नाही, यंत्रही दोन्ही धातू ओळखणारंच घ्या. दाराखालच्या पोकळ पट्टीत इमारतीचा फुगणारा फोम भरून वर लांबी आणि रंग मारलेला असेल, तर त्याला एकही तारा नाही. फोम पाणी धरून ठेवतो आणि पट्टी आतून सडवतो, आणि ती पट्टी गाडीच्या सांगाड्याचा भाग असते. टोच्याने खालून दाबून बघा. आत गेला, तर पट्टी कापून फोमचा शेवटचा कण काढा आणि मगच वेल्डिंगला हात घाला, कारण तो फोम पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो. नवा पत्रा जोडल्यावर आतून मेण फवारा आणि पाणी जायची खालची भोकं उघडी ठेवा.